हातोडी आणि काकांचा गुडघा

मंगळवारची ओपीडी म्हणजे बाहेर जत्रा असते. त्यात हे काका आले, सदुसष्ट वय, एसटीत कंडक्टर होते, चाळीस वर्षं बिडी. तक्रार काय तर खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिना नकोच वाटतो. बी-१२ ची इंजेक्शनं, कमरेचा एमआरआय, पट्टा सगळं करून झालेलं आणि सगळ्यांनी वय झालं म्हणून सांगितलेलं. खरं सांगते, माझ्याही ओठांवर तेच होतं.

तेवढ्यात काकांसोबतच्या मावशी बोलल्या, "मॅडम, ह्यांना घासागणिक पाणी लागतंय, भाकरी उतरतच नाही." तोंड कोरडं? पायांची कमजोरी आणि हे एकत्र म्हटल्यावर एक आजार आठवला, मग हातोडी काढली. गुडघ्याखाली मारली, पाय ढिम्म. दुसराही तसाच. मग नडगीवर हात दाबून धरला, म्हटलं काका दहा सेकंद जीव खाऊन पाय पुढे ढकला, आणि लगेच परत मारली तर पाय टुणकन उडाला! काका स्वतःच दचकले, मी हे तोवर फक्त परीक्षेसाठी पाठ केलेलं.

लॅम्बर्ट-ईटन, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार. त्या निरोपासाठी नसेच्या टोकाला कॅल्शियम आत यायची दारं असतात, शरीराच्याच अँटीबॉडीज तीच अडवतात, जोर लावला की कॅल्शियम साठतं आणि थोडा वेळ ताकद येते. अर्ध्याअधिक पेशंटमध्ये मागे फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर निघतो, त्याच्या पेशींवरही तीच दारं असतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि मार नसांना बसतो. नर्व्ह टेस्टमध्येही व्यायामानंतर सिग्नल दुपटीच्या वर गेला.

छातीचा सीटी मात्र नॉर्मल. मुलगा खूश, मी नाही; गाठ अजून दिसण्याएवढी मोठी झाली नसेल तर? तीन महिन्यांनी परत करायचा, मग दोन वर्षं अधूनमधून करतच राहायचा म्हटल्यावर तो भडकलाच, "नॉर्मल म्हणता आणि परत पैसे भरा म्हणता?" त्याचंही चूक नव्हतं, काका खोकतसुद्धा नव्हते. वाटलं आता येत नाहीत.

आले. दुसऱ्या सीटीत श्वासनलिकेशेजारी दीड सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत स्मॉल सेल, पण अजून छातीच्या बाहेर गेलेला नव्हता. केमो आणि रेडिएशन लगेच सुरू केलं.

परवा आले होते, एकच हात टेकून उठले. पाण्याची बाटली अजून पिशवीत असतेच.