वीस गुंठे भात

कल्याण-मुरबाड रस्त्याला आता जागोजागी फलक दिसतात. एनए प्लॉट, सेकंड होम, डोंगराच्या कुशीत शांत आयुष्य. मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित वीस गुंठे जमीन आहे. ती स्वतः कसायची ठरवल्यापासून शांत बसायला फारसं मिळालेलं नाही. पण गावात राहण्याची खरी मजा कळली ती कामाला म्हणून जायला लागल्यावरच. त्याआधी सुट्टीत जायचो, कोंबडी खायचो आणि रविवारी संध्याकाळी ठाण्याला परत.

वडील वागळे इस्टेटमधल्या कंपनीत होते. ते गेल्यावर वारस नोंद, फेरफार, सातबाऱ्यावर नाव, यात एक उन्हाळा गेला. कागद जुळले की काम होतं, नाही जुळले की चकरा होतात, याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. एक मात्र ध्यानात घ्या. कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात सहजासहजी शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर असलेलं नाव पुसलं जाऊ देऊ नका. भाऊ म्हणाला, "ताई, तुला हौस आहे तर तू बघ." चुलतभावाची, म्हणजे दादाची जमीन बांधाला बांध लागून. त्याने आणि काकीने हात दिला म्हणून हे जमलं.

आमच्याकडे भाताची सुरुवात पावसात नाही, उन्हाळ्यात होते. वीस गुंठ्यांच्या लावणीसाठी दोन गुंठ्यांत रोप करायचं, आणि त्या जागेवर आधी राब भाजायचा. खाली शेणाचा थर, त्यावर कवळ म्हणजे झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, मग पालापाचोळा आणि गवत, सगळ्यांवर बारीक माती. वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं, म्हणजे भडका न उडता राब धुमसत राहतो. त्याने तणाचं बी मरतं आणि राख खताला होते. कृषी खातं राबाऐवजी गादीवाफे, म्हणजे मातीचे उंच वाफे, करा म्हणतं, आणि राबापायी ऐनाची झाडं बोडकी होतात हेही खरं. आम्ही कवळ तोडली नाही, पाचोळा आणि शेणावरच भागवलं. काकीला ते पटलं नाही. तिच्या मते तो राब नव्हेच, नुसता कचरा जाळला.

बियाणं कर्जत-३. हळवं वाण, लवकर निघतं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. हे मला फार आवडलं. मुठीत सगळे दाणे सारखेच दिसतात, मिठाच्या पाण्यात मात्र भरलेला कोण आणि पोकळ कोण ते लगेच कळतं. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. त्यात धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी करून आम्ही मृगाची वाट बघत बसलो.

त्या काही दिवसांत शेवळं ही रानभाजी खाल्ली. पहिल्या सरी पडायच्या सुमारास ती रानात उगवतात. बाजारात ठाकर बायका शेवळांच्या जुडीसोबत काकडांची हिरवी फळं देतात, कारण काकडाशिवाय शिजवली तर शेवळं घशाला खाजतात. ठाण्यात स्टेशनबाहेरही ती मिळतात, पण काकीने चुलीवर सुकट घालून केलेली शेवळं भाकरीबरोबर खाल्ली तेव्हा जेवणात वाट्याला आलं ते चाटूनपुसून संपवलं.

मग एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि पहाटे दादाने दार वाजवलं. "वलगण आलीय, चल." पहिल्या पुराला नदी-ओढ्यातले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने चढून थेट खाचरांत येतात. बॅटरीच्या उजेडात बांधाच्या फुटीतून उड्या मारत वर चढणारे मासे मी पहिल्यांदाच पाहिले. सगळे गाबोळीने भरलेले. म्हणूनच दादा कालवणापुरतेच घेतो. "ही सगळी काढली तर पुढच्या वर्षी काय बघशील?" असं तो पोरांना सुनावतो. पोरं ऐकतातच असं नाही.

रोप वीस-पंचवीस दिवसांचं झालं की लावणी. चिखलणीला आता बैल मिळत नाहीत, पॉवर टिलर भाड्याने आणतात. रोपं उपटून मुळांची माती पाण्यात धुवायची, त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि चिखलात ठिकठिकाणी फेकून ठेवायच्या. डाव्या हातात जुडी धरून उजव्या हाताच्या अंगठ्याने दोन-तीन काड्या सुट्या करायच्या आणि बोटांच्या टोकांनी चिखलात रोवायच्या. खोल गेल्या तर फुटवा कमी येतो, वर राहिल्या तर पाण्यावर तरंगतात. आणि हे सगळं वाकून, मागे मागे सरकत. माझी ओळ वाकडी जायची. शेजारची काकी माझ्या दुप्पट वेगाने लावत वर माझ्याशी गप्पा मारायची. "बाय, चिखलाकडं बघू नको, हाताला समजतं." तिसऱ्या खाचराला खरंच समजायला लागलं.

लावणीचं सुख कशात, असं कोणी विचारलं तर मी दहाच्या न्याहरीचं नाव घेईन. बांधावर बसून तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कांदा आणि कोरा चहा. कपडे ओले, पाठ दुखून आलेली, वर रिपरिप चालू, आणि सगळ्या बायका कोणाच्या तरी सुनेवरून खिदळतायत. ठाण्याच्या घरी मी हेच पदार्थ केले तर नवरा म्हणतो, "आज काही भाजी नाही का?" आमच्या लावणीला आलेल्यांच्या शेतावर पुढे आम्ही गेलो. पैशाचा हिशेब नाही, हातांचा. मजुरीने माणसं लावली असती तरी चालली असती, पण मग न्याहरीला ही गंमत आली नसती.

पायांना चिखल्या झाल्या हेही सांगायला हवं. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सोलवटते आणि रात्री आग होते. मेंदी लावली, पाय कोरडे ठेवले, बरं वाटलं.

पुढे श्रावणात काम हलकं असतं. बेणणी, म्हणजे तण काढणं, करायची आणि बांध बघायचे. मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, बांध पोखरतात आणि रात्रीत खाचराचं पाणी उतरतं. सकाळी भोकं शोधून चिखलाने बुजवायची. मधे ई-पीक पाहणी उरकली. २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची असते, शेतात उभं राहून, फोटोसकट. आमच्या खाचरात रेंज नाही, त्यामुळे फोटो शेतात काढला आणि तो पाठवायला टेकडीवर चढले.

भात निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर आल्या, की शेताला एक वास येतो, कोवळ्या दुधाचा. याच दिवसांत गंधी ढेकूण दाण्यातलं दूध शोषतो, म्हणून पहाटे फेरी मारावी लागते. त्या निमित्ताने का होईना, रोज सूर्य उगवताना शेतात असायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला आलं. परतीच्या पावसाने दोन दिवस छळलं, कापलेला भात उलटापालटा करून वाळवावा लागला. मग भारे खळ्यावर आणले, झोडणी झाली, वारवून पोचट उडवलं. सहा क्विंटलच्या जरा वर भात आलं.

आता हिशेब. २०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे आमच्या भाताची किंमत चौदा हजारांच्या आसपास. टिलर, खत, झोडणीची मजुरी आणि माझं ठाणे-मुरबाड येणं-जाणं धरलं तर हा धंदा होत नाही. आम्ही विकलं नाही, म्हणून तो प्रश्न आला नाही. पण शेतीवरच पोट असलेल्या दादासाठी तो प्रश्न दर वर्षी असतो, आणि गावातल्या सुखांबद्दल बोलताना मी हे विसरत नाही.

गिरणीत भात घातलं की क्विंटलला पासष्ट किलोच्या आसपास तांदूळ मिळतो. बाकी तूस आणि कोंडा. गिरणीवाल्याला म्हटलं, "पॉलिश नको, एक हात कमी मारा." तो म्हणाला, "ताई, मग पांढरा दिसणार नाही." दिसला नाही. कणी वेगळी काढून आणली, पेजेला आणि भाकरीच्या पिठाला. नवा तांदूळ चिकट होतो, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा कमी घालावं लागतं. पहिला भात नुसत्या तुपा-मिठाशी खाल्ला. निम्मा तांदूळ काकीकडे, बाकीचा भावाकडे आणि आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन घरी गेला. कापणीनंतर जमिनीत ओल होती, तिच्यावर वाल पेरलेत.

पुढच्या हंगामाची चर्चा आत्ताच सुरू आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंनी काढलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) या भातशेतीच्या पद्धतीत एकदा गादीवाफे केले की ते मोडायचे नाहीत. चिखलणी नाही, लावणी नाही, बी थेट टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. माझ्या पाठीला ते फार पटतं. काकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "लावणीच नाय, मग आम्ही काय घरात बसून राहायचं?" वरच्या पाच गुंठ्यांच्या खाचरात करून बघायला दादा तयार झालाय. त्यात तणनाशक मारावं लागतं, त्यावरून मात्र आमचं अजून जमलेलं नाही.