कोण येणार आहे?

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची वाट पाहायच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. लेकानं काल किनाऱ्यावरून सुरूच्या पडलेल्या फांद्या आणल्या, त्यांचंच मेणबत्त्यांसाठी गोल कडं वळलं. चार मेणबत्त्या, दर रविवारी एक वाढवायची. सुरू दोन दिवसांत गळायला लागतो, टेबलभर सुया होतात, तरी मला तोच हवा असतो. तीन मेणबत्त्या जांभळ्या. गुलाबी यंदा बाजारात मिळाली नाही, म्हणून पांढरीला गुलाबी रिबीन बांधली. ती तिसऱ्या रविवारी लागायची, तोवर कुणाला कळतंय!

दर वर्षी ठरवते तेच यंदाही ठरवलं. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून पंधरा मिनिटं देवाजवळ गप्प बसायचं. मोबाईल आतल्या खोलीत. मागणं काही नाही.

पहिली मेणबत्ती लावली आणि तिसऱ्याच मिनिटाला आईंनी विचारलं, "कोण येणार आहे का गं?"

आई म्हणजे सासूबाई. गेल्या दीड वर्षात त्यांची आठवण विरत चाललीय. पण टेबलावर मेणबत्ती दिसली की घरी पाहुणा येणार, एवढं पक्कं राहिलंय. म्हटलं, "नाही आई, कोणी नाही. प्रार्थना करतेय." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी मेणबत्ती विझवली आणि कुकर लावला.

३ डिसेंबर, बुधवार

चर्चगेटहून विरार फास्ट. भाईंदर सोडल्यावर खाडीचा गार वारा लागला. दारातल्या बाईनं पिशवीतलं निर्माल्य पाण्यात सोडलं, हात जोडले आणि परत मैत्रिणीशी बोलायला लागली. दोन सेकंदांत झालं तिचं. मला मात्र पंधरा मिनिटं, मेणबत्ती आणि शांतता, सगळं लागतं.

घरी आल्यावर तोच प्रश्न. मी खेकसले, "कुणी नाही म्हटलं ना!" आई गप्प झाल्या. मग उठून टेबलाजवळची एक खुर्ची सरळ करून ठेवली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

तिसरा रविवार, म्हणून आज फादर गुलाबी झग्यात. पुढच्या बाकांवरची पोरं दर वर्षीसारखी फिदीफिदी हसली. मी आईंना चर्चला घेऊन गेले होते. दुसरं वाचन बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं, शेतकरी पहिल्या आणि शेवटल्या पावसासाठी धीर धरतो ते. आई मोठ्यानं म्हणाल्या, "शेवटच्या पावसानं भात आडवा होतो!" आजूबाजूचे वळून बघायला लागले. याकोबाचा शेतकरी तिकडचा, त्याला वसईचं भात काय माहीत! जन्मभर शेत केलेल्या बाईची ही एवढी गोष्ट अजून जागेवर आहे, याचा मला त्या क्षणी प्रवचनाहून जास्त आनंद झाला.

पण प्रवचनही आज चांगलं होतं. फादर म्हणाले, या वाचनात आपण 'प्रभूचं येणं' म्हणतो, तिथे मूळ ग्रीक शब्द 'पारूसिया' आहे. त्याचा अर्थ येणं, आणि जवळ असणंही. पहिल्या रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वाचन होतं, त्यातही तोच शब्द होता. आपल्या 'आगमन' शब्दात दुसरा अर्थ उतरलेलाच नाही. म्हणूनच आपण सारखे दाराकडे बघत बसतो की काय, कोण जाणे. (हे शेवटचं माझं, फादरांचं नाही.)

आजच्या शुभवर्तमानात योहान बाप्तिस्ता तुरुंगातून येशूला निरोप पाठवतो: जो येणार तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्यानं यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा केला, तोच हे विचारतो. येशू 'हो' म्हणत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, जे ऐकता आणि पाहता ते त्याला जाऊन सांगा, म्हणतो. योहानाची सुटका मात्र होत नाही. तुरुंगातच त्याचं शिर उडवतात. हा भाग मला दर वेळी टोचतो.

ऐकता ऐकता एकदम वाटलं, हा प्रश्न तर माझ्या घरात रोज संध्याकाळी विचारला जातो. आणि मी 'कोणी नाही' म्हणते!

१७ डिसेंबर, बुधवार

नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरायची राहिली होती. अजून उशीर झाला तर नाताळपर्यंत हिरवी होणार नाही. ताटल्यांत माती घेऊन बसले तर आईंनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. मूठ सैल धरून, दाणे एकावर एक पडणार नाहीत असे सोडत गेल्या. आज बुधवार आहे की शुक्रवार ते त्यांना सांगता येत नाही, हात मात्र चुकला नाही.

तेवढ्यात वीज गेली. कड्यावरच्या तिन्ही मेणबत्त्या लावल्या.

"कोण येणार आहे का गं?"

"हो आई. येणार आहे."

"मग चहा जास्त टाक."

टाकला. तीन कप भरले. एक त्या सरळ केलेल्या खुर्चीसमोर ठेवला. आई माझा हात धरून बसल्या, त्यांच्या बोटांना ओल्या मातीचा वास होता. मी प्रार्थना सुरू केली नाही, सुचलीही नाही. पंधरा मिनिटं झाली की तास, पाहिलं नाही. खोलीत आम्ही दोघी होतो आणि दोघीच नव्हतो. याहून नेमकं मला लिहिता येत नाही, आणि जास्त लिहिलं तर खोटं होईल.

वीज आली. पंखा फिरला, सुरूच्या सुया टेबलावर उडाल्या. मी तिसरा कप उचलायला गेले.

"राहू दे," आई म्हणाल्या. "झाकून ठेव."