लूसी खिडकी उघडते

"रक्त पिणाऱ्या माणसात तुम्हाला एवढं देखणं काय दिसतं हो?" ड्रॅक्युलाच्या जुन्या सिनेमांचा विषय निघाला की हे कोणीतरी विचारतंच. एरवी मी हसून वेळ मारून नेते. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

त्याच्या सुळ्यांचं मला काही नाही. मला आठवते ती लूसी. १९५८चा, टेरेन्स फिशरने हॅमर कंपनीसाठी केलेला 'ड्रॅक्युला'. आजारी लूसीला निजवून घरचे खोलीबाहेर पडतात. त्यांची पाठ वळते न वळते तोच ती उठते, काचेची उभी खिडकी सताड उघडते, गळ्यातला क्रूस काढून ठेवते आणि परत येऊन पडते. बोटं मानेवरच्या दोन खुणांशी, नजर खिडकीकडे. बाहेर वाळका पाला भिरभिरतोय. ड्रॅक्युला अजून आलेलाही नसतो! पुढे त्याला दूर ठेवायला खोलीत लसणाची फुलं ठेवतात, तर मोलकरणीच्या विनवण्या करून तीही बाहेर काढायला लावते. नुसती भीतीच असती तर बाईने कडी नसती का घातली?

१९३१च्या सिनेमातला ड्रॅक्युला, बेला लुगोसी, नुसता रोखून बघतो. डोळ्यांवर प्रकाशाची तिरीप, सुळे दिसत नाहीत, चावाही नाही. मला तो जरा नाटकी वाटतो (त्याचे भक्त रागावतील, रागावू देत). १९५८चा ड्रॅक्युला झालेल्या क्रिस्टोफर लीची गोष्ट वेगळी. ताडमाड उंच, आणि सुरुवातीला पाहुण्याशी बोलतो तेवढंच. नंतर सिनेमा संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. ना मनधरणी, ना आश्वासनं.

मग त्याच सिनेमातली दुसरी बाई, मीना. रात्रभर बाहेर राहून सकाळी घरी येते. फरची कॉलर मानेशी घट्ट, ओठांच्या कोपऱ्यात हसू. नवऱ्याला ते वाचताच येत नाही.

ब्रिटनच्या सेन्सॉरने तेव्हा या सिनेमाला कात्री लावली होती. त्यातले काही तुकडे २०११ साली टोकियोतल्या एका जुन्या प्रतीत सापडले. ड्रॅक्युलाची राख होते ते होतंच, पण मीनाच्या शेजघरातलेही काही क्षण होते. चावण्याआधी तो आपला चेहरा तिच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरवतो, तेवढेच. रक्ताचा थेंब नाही. कुठे कापायचं ते सेन्सॉरवाल्यांना बरोबर कळलं होतं.