मोंतेसाक्रोची ताजी फुलं

कोलंबियातल्या मेदेयीनमधला आमचा चौथा दिवस. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी आम्ही नाश्त्याला बसलो होतो आणि घरमालकीणबाई तव्यावर अरेपा भाजत होत्या. अरेपा म्हणजे मक्याची जाडसर भाकरी, वर लोणी आणि ताजं पांढरं चीज. आज कुठे, असं त्यांनी रोजच्यासारखं विचारलं आणि नवऱ्याने सांगून टाकलं, "पाब्लो एस्कोबारची कबर बघायला."

बाईंनी अरेपा उलटली, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पारा के?"

कशासाठी?

माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये उत्तर जुळेना. खरं म्हणजे मराठीतही माझ्याकडे ते तयार नव्हतं. पंधरा-वीस वर्षं त्या कोकेन-तस्कराबद्दल मिळेल ते वाचत आले होते. मेदेयीनला जायचं ठरलं तेव्हा यादीत कबर आपोआप आली, जशी म्युझियमं आली, शिल्पकार बोतेरोचे पुतळे आले, केबल कार आली. ती यादीत का आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"मिहा," बाई म्हणाल्या (आपण 'बाळा' म्हणतो तसं त्या मला म्हणायच्या, मी पंचेचाळिशीची असूनही), "जा. पण तिथे काही ठेवू नकोस." आणि कॉफी ओतायला वळल्या.

मेदेयीनचा आंतरराष्ट्रीय विमानतळ शहरात नाही, डोंगरापलीकडे रिओनेग्रोला आहे. एस्कोबार जन्मला तोही रिओनेग्रोलाच, 1 डिसेंबर 1949 रोजी. तिथून आठ किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडलं की आबुर्रा खोरं एकदम समोर येतं. दोन्ही अंगांना डोंगर, आणि त्यांच्या अंगावर पार वरपर्यंत चढत गेलेली विटांची तांबडी घरं. उंची दीड हजार मीटर, त्यामुळे हवा बारा महिने पाचगणीच्या फेब्रुवारीसारखी. इतकं देखणं शहर मी फार कमी पाहिलंय. 1991 साली याच शहरात वर्षभरात सहा हजारांहून जास्त खून झाले होते, हे माहीत असूनही रस्त्यावरून चालताना त्यावर विश्वास बसत नाही.

पोब्लादो भागातून मेट्रो पकडली. ही मेट्रो 1995 च्या नोव्हेंबरात सुरू झाली, म्हणजे एस्कोबार मारला गेल्यावर दोन वर्षांनी. डब्यात कुठे चरा नाही, खाली कागदाचा कपटा नाही. इथल्या लोकांचा तिच्यावर जीव आहे, आणि वाईट दिवसांनंतर स्वतःच्या हाताने उभी केलेली वस्तू जपावी तसे ते तिला जपतात. इतागुईला उतरलो आणि टॅक्सी केली. एस्कोबारच्या नावाने मुद्दाम काढलेल्या टूर इथे मिळतात, कबर हा त्यातला एक थांबा असतो. तसं आम्हाला जायचं नव्हतं. आपण स्वतःचे जाऊ, शांतपणे बघू, असं ठरवलं होतं. त्याने फार फरक पडत नाही हे नंतर कळलं.

हार्दिनेस मोंतेसाक्रो. नावातच बाग आहे आणि दफनभूमी खरोखर बागेसारखी आहे. उभे दगड, क्रूस, संगमरवरी देवदूत असलं काही नाही. टेकडीच्या उतारावर कापलेली हिरवळ आणि हिरवळीत जमिनीलगत बसवलेल्या नावांच्या पाट्या. मी फाटकाशी रखवालदाराला विचारायला तोंड उघडलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा हात वर गेला आणि टेकडीवरच्या चॅपलकडे वळला. चेहरा तसाच. दिवसातून किती वेळा तो हात असा वर जात असेल!

चॅपलच्या शेजारीच एस्कोबार कुटुंबाची जागा आहे. आजूबाजूला खडी, झुडपं नीट छाटलेली. त्याच्या शेजारी आई, एर्मिल्दा. ती 2006 मध्ये गेली. डीएनए तपासणीसाठी त्याचे अवशेष उकरले तेही त्याच वर्षी. छपरावर त्याच्यासोबत मारला गेलेला अंगरक्षक, ज्याला सगळे लिमोन म्हणायचे, तोही जवळच पुरलाय. 2 डिसेंबर 1993. एस्कोबारचा चव्वेचाळिसावा वाढदिवस होऊन एक दिवस झाला होता. लोस ओलिवोस वस्तीतल्या एका घराच्या कौलांवरून पळताना पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला. दुसऱ्या दिवशी इथे हजारोंची गर्दी लोटली होती, शवपेटीला हात लावायला माणसं एकमेकांवर चढत होती.

कबरीवर फुलं होती. ताजी, सकाळचीच. पांढरी शेवंती आणि पिवळे गुलाब, देठ सारख्या मापाने कापलेले. पाकळ्यांवर पाणी होतं. माझी आजी देवासाठी फुलं निवडताना कडा काळी पडलेली पाकळी खुडून टाकायची, तशी इथे कुणीतरी खुडून टाकली होती. एका गुलाबाच्या बाहेरच्या बाजूला नखाची खूण दिसत होती. मी नको तितका वेळ त्या खुणेकडे बघत राहिले.

आमच्या आधी चार मुलं तिथे होती. पंचविशीतली, इंग्रजी बोलणारी, कुठली ते नेमकं कळलं नाही. एकजण गुडघ्यावर बसला, दगडावर वाकला आणि एका नाकपुडीवर बोट दाबून पावडर ओढल्याचा अभिनय केला. दुसऱ्याने फोटो काढला. नीट आला नाही म्हणून त्याने पुन्हा केलं. मग तिसऱ्याने. हसत होते, पण त्यांच्या हसण्यात दुष्टावा नव्हता, तेच मला जास्त लागलं. सहलीला आलेली चांगल्या घरची मुलं होती ती. थोड्या अंतरावर माळी कात्रीने कडेचं गवत कापत होता. त्याने मान वर केली नाही. मुलं गेल्यावर मात्र उठून आला, दगडाच्या कडेला टाकलेली दोन थोटकं उचलली, खिशातल्या पिशवीत टाकली आणि परत जाऊन कात्री उचलली.

त्या दगडासमोर उभं राहिल्यावर त्याने घडवलेल्या खुनांच्या वाचलेल्या तारखा एकेक करून वर यायला लागल्या. एप्रिल 1984, न्यायमंत्री लारा बोनिया. डिसेंबर 1986, संपादक गियेर्मो कानो, स्वतःच्या वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर. ऑगस्ट 1989, लुईस कार्लोस गालान, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, सभेच्या मंचावर. त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला बोगोताहून कालीला निघालेलं आव्हियांकाचं विमान आकाशातच बॉम्बने फुटलं. ज्या एका माणसासाठी तो बॉम्ब ठेवला होता, ते गालाननंतरचे उमेदवार सेसार गाविरिया विमानात चढलेच नव्हते. आतले 107 आणि खाली जमिनीवर असलेले तिघे गेले. मेदेयीनच्या पोलिसांवर तर त्याने डोक्यामागे पैसे लावले होते, शेकडो पोलीस त्यात मारले गेले. मारणारी मुलं याच डोंगरांवरच्या वस्त्यांतली, कित्येक तर मिसरूड न फुटलेली.

आणि माझं स्वतःचं 1993 आठवलं. मी दादरची. 12 मार्चला, शुक्रवारी दुपारी, सातवीच्या परीक्षेचा अभ्यास करत खिडकीशी बसले होते तेव्हा प्लाझा सिनेमाकडून तो आवाज आला. आधी काचा थरथरल्या, मग सगळं एकदम गप्प झालं, आणि त्यानंतर रस्त्यावर आरडाओरडा. वडील बँकेत होते, फोर्टात. ते रात्री साडेनऊला चालत घरी आले तोवर आई दारातून हलली नव्हती. मुंबईत त्या दिवशी 257 माणसं गेली. ज्यांनी ते केलं त्यांच्या कबरीपाशी कुणी परदेशी मुलगा गुडघ्यावर बसून, बॉम्ब उडवल्याचा अभिनय करून फोटो काढतोय, असं चित्र डोळ्यापुढे आलं आणि माझ्या पोटात ढवळलं. मग लक्षात आलं की माझ्याही हातात फोन आहे. कॅमेरा चालू आहे.

तेवढ्यात एक वयस्कर बाई चढ चढून आली. सत्तरीची असावी, हातात कापडी पिशवी. तिने आमच्याकडे पाहून मान लववली, खाली वाकून फुलांच्या भांड्यातलं पाणी बदललं, क्रूसाची खूण केली. ती फुलं तिचीच होती. मी धीर करून विचारलं, तुम्ही नातेवाईक का? नाही म्हणाली. मग हळूहळू, मला समजावं म्हणून शब्द तोडून बोलली: त्याने माझ्या आईला घर दिलं.

यामागचा इतिहास मला ठाऊक होता. ऐंशीच्या दशकात मोराविया भागात शहराचा कचऱ्याचा डोंगर होता आणि त्यावर माणसं झोपड्या बांधून राहत होती. त्यांतल्या चारशेहून अधिक कुटुंबांना एस्कोबारने डोंगरावर विटांची घरं बांधून दिली. ती वस्ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. 1982 मध्ये तो काँग्रेसवर, म्हणजे कोलंबियाच्या संसदेवर, पर्यायी सदस्य म्हणून निवडूनही आला होता. तो पैसा कशाचा होता, घरांच्या बदल्यात त्याला काय हवं होतं, हे सगळं सांगता येतं आणि मी ते चारचौघांत अनेकदा सांगितलंय. पण कचऱ्यावरून उचलून पक्क्या छपराखाली आणलेल्या आईची मुलगी माझ्यासमोर फुलांचं पाणी बदलत होती. तिला मी काय सांगणार होते? तिच्या आईला सरकारने घर द्यायला हवं होतं, एवढंच मनात आलं. दिलं नव्हतं. ते त्या माणसाने दिलं आणि त्याची किंमत तिसऱ्याच लोकांकडून वसूल केली.

तिला राग नव्हता, लाजही नव्हती. "दिओस ले पागे," ती जाताना म्हणाली, देव तुम्हाला याची परतफेड करो. आम्ही तिच्यासाठी काहीही केलं नव्हतं.

चॅपलकडून आम्ही मुद्दाम वाटेने न जाता हिरवळीवरून खाली उतरलो, आणि या सगळ्या सहलीतलं मला सगळ्यात जास्त हादरवणारं तिथे दिसलं. पाट्यांवरच्या तारखा. सुरुवातीला नुसत्याच वाचत होते, मग मनात वजाबाकी व्हायला लागली. 1972 ते 1991. एकोणीस. 1974 ते 1990. सोळा. 1970 ते 1992. बावीस. दोन-तीन पाट्यांवर फुटबॉल क्लबची चिन्हं, कुठे नासिओनालचा हिरवा-पांढरा, कुठे इंडिपेंडियेंतेचा लाल-निळा. एकीवर काचेखाली फोटो होता, विरळ मिशी, भांग नीट पाडलेला, शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला असावा. त्यांतलं कोण मारणारं आणि कोण मारलं गेलेलं, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. आजारपणाने गेलेलेही असतील. पण ओळीने इतके? मी दहा-बारा पाट्यांनंतर वजाबाकी सोडून दिली. तिकडे फुलं फारशी नव्हती. जी होती ती प्लास्टिकची, उन्हाने पांढुरकी झालेली. त्यांच्या आया आता सत्तरी-ऐंशीच्या असतील. हा चढ त्यांना झेपत नसेल, किंवा त्याही इथेच कुठेतरी असतील.

दुपारी पाऊस आला. इथे तो येतोच, तासभर कोसळतो आणि जातो. थांबल्यावर पोब्लादोला परत आलो आणि जेवायला न जाता सरळ मोनाकोच्या जागी गेलो. मोनाको ही एस्कोबारच्या कुटुंबाची पांढरी आठमजली इमारत. 1988 च्या जानेवारीत विरोधी टोळीने तिच्यासमोर मोटारबॉम्ब उडवला होता. नंतर ती वर्षानुवर्षं पडून राहिली आणि बाहेर उभं राहून फोटो काढणाऱ्या पर्यटकांचं ठिकाण झाली. शेवटी 22 फेब्रुवारी 2019 ला शहराने ती सुरुंग लावून पाडली आणि तिथे स्मृतिउद्यान केलं. नाव 'इन्फ्लेक्सिओन', म्हणजे वळण. तिथे एक काळी भिंत आहे आणि भिंतीला 46,612 भोकं आहेत. 1983 ते 1994 या काळातल्या हिंसाचारात गेलेल्या प्रत्येक माणसाचं एक.

नावं नाहीत. बोट जेमतेम जाईल एवढं भोक. पाऊस नुकताच पडून गेला होता, त्यामुळे काही भोकांच्या खालच्या कडेला पाण्याचा थेंब अडकला होता, मागून उजेड आला की चमकायचा. मी एका भोकात करंगळी घातली. आत दगड गार आणि खरखरीत होता. अर्धा तास आम्ही तिथे होतो. त्या अर्ध्या तासात एक शाळकरी मुलगी कुत्रा घेऊन आली आणि गेली, बाकी कुणी नाही. कबरीपाशी मात्र आमच्यानंतरही टॅक्सी चढत होत्या, मी पाहिल्या होत्या.

संध्याकाळी घरी पोहोचलो. बाई बाल्कनीत कपडे काढत होत्या. मी मदतीला गेले. त्यांच्या खोलीतून बाल्कनीत जावं लागतं, आणि जाताना प्रथमच माझ्या लक्षात आलं की त्यांचा पलंग खोलीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, दाराला जवळजवळ अडून आहे. खिडकीखाली भरपूर मोकळी जागा, वारा छान येणारी, आणि तिथे नुसती एक कुंडी. माझी नजर त्यांनी पकडली.

"तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "काचेखाली झोप येत नाही."

मी त्यांना प्लाझाचं सांगितलं. दादर, 1993, थरथरणाऱ्या काचा, चालत आलेले वडील. शब्द अडत होते, हातवारे करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातातली चादर घेतली आणि घडी घालायला दोन टोकं परत माझ्याकडे दिली. दोघींनी मिळून घडी घातली.

मग त्यांनी विचारलं, "फुलं होती?"

"होती."

"ताजी?"

"हो," मी म्हटलं. "ताजी होती."

त्यांनी चादर छातीशी धरली, दोरीवरचा शेवटचा चिमटा काढला आणि खिडकी लावून घेतली.