लपवलेले बदल आणि काढलेले बदल

वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ म्हणजे ट्रॅकिंग चालू असलं की प्रत्येक दुरुस्तीची नोंद खुणेसह फाइलमध्ये राहते. अशा फाइलवर ‘नो मार्कअप’ निवडलं की लाल अक्षरं, खोडलेल्या ओळी, समासातले फुगे सगळं गायब होतं. फाइल साफ झाली असं वाटतं. प्रत्यक्षात फक्त दिसणं बदललेलं असतं. समोरच्याने ‘ऑल मार्कअप’ निवडलं की तुम्ही खोडलेली रक्कम, बदललेलं नाव, आपसात लिहिलेली टिप्पणी सगळं त्याच्यापुढे येतं.

कारण फाइलच्या रचनेत आहे. डॉक्स फाइल म्हणजे एक झिप, अनेक फाइलींचं गाठोडं असते. तिच्या एक्सटेन्शनच्या जागी झिप लिहून ती उघडली, तर ‘वर्ड’ फोल्डरमधल्या ‘डॉक्युमेंट.एक्सएमएल’मध्ये खोडलेला मजकूर जसाच्या तसा सापडतो, बहुतेक वेळा खोडणाऱ्याच्या नावासह आणि तारीख-वेळेसह. बदल स्वीकारला किंवा नाकारला, तरच ही नोंद जाते. २००४ मध्ये एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने डाइमलर-क्रायस्लर या मोटार कंपनीवर केलेल्या दाव्याच्या वर्ड फाइलमधून, तो मसुदा आधी बँक ऑफ अमेरिकेविरुद्ध लिहिला होता हे अशा लपलेल्या बदलांमुळेच बाहेर आलं.

म्हणून फाइल बाहेर पाठवण्याआधी तिची प्रत करा आणि साफसफाई त्या प्रतीवरच करा. ‘रिव्ह्यू’मध्ये आधी ‘शो मार्कअप’ उघडून सगळे प्रकार आणि सगळी माणसं निवडलेली आहेत ना, ते बघा. इथेच सर्वाधिक घोळ होतो. गाळणी लावलेली असताना, म्हणजे काही प्रकार किंवा माणसं वगळलेली असताना, ‘ॲक्सेप्ट ऑल चेंजेस शोन’ दाबलं, तर दिसणारेच बदल स्वीकारले जातात, बाकीचे मुकाट्याने आत राहतात. ‘ॲक्सेप्ट ऑल चेंजेस अँड स्टॉप ट्रॅकिंग’ ही आज्ञा वापरा. तिने ट्रॅकिंगही बंद होतं. नुसतं ट्रॅकिंग बंद केल्याने जुने बदल जात नाहीत. अर्थात, एकेक बदल वाचून झाल्याशिवाय सगळे एकदम स्वीकारू नयेत. नको असलेली दुरुस्तीही त्यात पक्की होऊन जाते.

टिप्पण्यांचं खातं वेगळं. बदल स्वीकारले तरी त्या राहतात. ‘रिझॉल्व्ह’ केलेली टिप्पणीही फाइलमध्येच असते. ‘डिलीट ऑल कॉमेंट्स इन डॉक्युमेंट’ करावंच लागतं.

शेवटी ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’. लपवलेला मजकूर, लेखकाचं नाव, शिल्लक बदल इथे सापडतात. मात्र इथलं ‘रिमूव्ह ऑल’ सहसा मागे घेता येत नाही, आणि ‘हेडर्स, फूटर्स अँड वॉटरमार्क्स’च्या ओळीसमोर ते दाबलं तर पानावरचा हवा असलेला मजकूरही जातो. निकाल वाचून, ओळीगणिक ठरवा.

याच तपासणीने वैयक्तिक माहिती काढली की पुढच्या प्रत्येक सेव्हला बदल करणाऱ्यांची नावं पुसली जातात आणि सगळ्यांच्या जागी ‘ऑथर’ दिसू लागतं. अनेकजण काम करत असलेल्या मसुद्यावर हे झालं, तर कोणी काय बदललं ते नंतर कळायला मार्ग उरत नाही. मूळ फाइल वेगळी ठेवण्याचं हे सर्वांत मोठं कारण.

पीडीएफ करताना ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डॉक्युमेंट शोइंग मार्कअप’ निवडलेलं नाही ना, तेही पाहा. आणि मसुदा परत येईल तेव्हा समोरच्याने ट्रॅकिंग चालू ठेवलं होतं असं गृहीत न धरता, ‘रिव्ह्यू’मधल्या ‘कम्पेअर’ने तो आपल्या जुन्या प्रतीशी ताडून घ्या. ट्रॅकिंग बंद करून केलेले बदलही त्यात दिसतात.