आमची वाटचाल : रंगाआधीचा पत्रा

रत्नागिरी जिल्ह्यात गाड्या रंगवण्याचा व्यवसाय करायचा, तर पाऊस आणि खारा वारा यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून मांडावा लागतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणाऱ्या पावसात लाल चिखल गाडीच्या बुडाला चिकटतो आणि समुद्रावरून येणारे मीठ त्या चिखलासोबत पत्र्याच्या जोडांत जाऊन बसते. आमचे वर्कशॉप सुरू झाले तेव्हा रिक्षा, टेम्पो, मोटारी अशी सगळीच डेंटिंग-पेंटिंगची कामे आम्ही घेत होतो, आणि आंबा बागायतदारांच्या जुन्या जीप त्यांत अधूनमधून येत असत. जुना रंग वरवर घासायचा, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या लेपाचा, हात द्यायचा, खड्डे पुट्टीने भरायचे आणि वरून रंग मारायचा, अशी तेव्हा या भागातली रूढ पद्धत होती. बागेत राबणाऱ्या गाडीकडून मालकाचीही त्याहून अधिक अपेक्षा नसे.

2010 मध्ये महिंद्राची थार ही जीप बाजारात आली आणि त्यानंतर आमच्याकडे येणारा ग्राहक बदलत गेला. घरच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली महिंद्राची जुनी एमएम 540 जीप किंवा कुठून तरी शोधून आणलेली मारुती जिप्सी घेऊन तरुण येऊ लागले. या गाड्या ओढ्यांतून, कातळावरून आणि करवंदीच्या जाळ्यांतून चालवायच्या असल्याने त्यांना टिकणारा रंग हवा होता. दगड लागून टवका उडाला, तरी त्या जागेपासून गंज रंगाखाली पसरत जाऊ नये, ही त्यांची खरी गरज होती. ती वरच्या रंगाने भागत नाही, पत्र्याला चिकटलेल्या पहिल्या थराने भागते. त्यामुळे जीप आणि तत्सम गाड्यांचेच काम घ्यायचे आणि जुन्या रंगावर नवा रंग चढवण्याची कामे स्वीकारायची नाहीत, असा निर्णय आम्ही घेतला. सुरुवातीला कामे कमी झाली, तरी तो निर्णय आम्ही बदलला नाही.

गाडी आली की प्रथम टब, म्हणजे वरची पत्र्याची पेटी, चासीवरून (खालच्या लोखंडी चौकटीवरून) उतरवला जातो, कारण टबाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या पोकळीत काय आहे ते त्याशिवाय दिसत नाही. त्यानंतर सगळा सांगाडा गोड्या पाण्याने दाबाने धुतला जातो. हे धुणे घासकामाच्या आधीच व्हावे लागते, कारण मीठ पत्र्यावर असताना पॉलिश पेपर फिरवला तर ते गंजाच्या बारीक खड्ड्यांत आणखी खोल दाबले जाते आणि पुढे प्रायमरखाली, म्हणजे पत्र्यावरच्या पहिल्या थराखाली, ओलावा ओढून घेत राहते. चासी, ब्रॅकेट आणि चाकांच्या रिमा आम्ही सँडब्लास्टिंगला, म्हणजे दाबाने कण मारून साफ करायला, देतो. बॉनेट आणि बाजूचे सपाट पत्रे मात्र कधीच देत नाही, कारण कणांच्या माऱ्याने पत्र्याचा पृष्ठभाग ताणला जाऊन तो वेडावाकडा होतो. सपाट भागांवरचा रंग रिमूव्हरने आणि 80 नंबरच्या पेपरने काढला जातो. रिमूव्हरचा अंश सांध्यांत राहिला तर वरचा प्रायमर तिथे हमखास सुटतो, म्हणून सांधे तारेच्या ब्रशने साफ करण्याचे काम आमच्याकडे अनुभवी माणसाकडेच असते.

खड्ड्यांतला उरलेला गंज फॉस्फरिक आम्लाने काढला, तर ते आम्ल पूर्ण धुऊन पत्रा तत्काळ कोरडा करावा लागतो, कारण आम्लाच्या अंशावर इपॉक्सी (आमच्या प्रायमरचा प्रकार) नीट धरत नाही. शेवटच्या घासण्यानंतर उघड्या पत्र्याला पाणी किंवा उघडा हात लागू द्यायचा नाही, असा आमचा नियम आहे. तेलकटपणा काढताना एका कापडाने द्रावण लावायचे आणि ते सुकण्याआधीच दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचे. एकाच कापडाने पुसत राहिल्यास तेल निघत नाही, केवळ पसरते.

कोकणात सर्वांत अवघड प्रश्न हवेतल्या दमटपणाचा आहे. हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, 27 अंशांच्या जवळ असतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी अधिक असावे, हा कोटिंगच्या क्षेत्रातला सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे अशा दिवशी सावलीतला पत्रा जेमतेम सीमेवर असतो, आणि पहाटेचा थंड पत्रा तर निश्चितच त्याखाली असतो. डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर त्यावर बसलेला असतो. म्हणून आर्द्रतामापक आणि पत्र्याचे तापमान मोजणारे यंत्र ही दोन्ही साधने आम्ही महागड्या स्प्रे गनच्याही आधी विकत घेतली. घासलेला पत्रा आम्ही रात्रभर उघडा ठेवत नाही, त्याच दिवशी त्यावर प्रायमर चढतो.

हा प्रायमर दोन घटकांचा इपॉक्सी असतो. हार्डनर, म्हणजे थर कडक करणारा दुसरा घटक, मिसळल्यावर उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून दोन हात दिले जातात, आणि सुकल्यावरची जाडी साधारण 50 मायक्रॉनच्या आसपास ठेवली जाते. पुट्टी त्यानंतर, इपॉक्सीच्या वर भरली जाते, कारण पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते आणि ती थेट पत्र्यावर बसली तर तो ओलावा पत्र्याला भिडतो. सांध्यांतले सीलरही इपॉक्सीवरच लागते. त्यावरचा सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग एकसारखा करणारा थर, सच्छिद्र असतो, त्यामुळे गाडी केवळ सरफेसरवर पावसात वापरणे धोक्याचे आहे, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो. सरफेसर आणि टॉप कोट (शेवटचा रंग) यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो, म्हणून बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लावल्याशिवाय आमच्याकडे कोणीही गन हातात घेत नाही.

या पद्धतीमुळे दर सांगण्याची रीतही बदलावी लागली. रंग उतरवण्याआधी पत्र्याची अवस्था कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे आम्ही अंदाजपत्रक दोन भागांत देतो. पहिला भाग गाडी उघडी करण्याचा असतो. त्यानंतर मालकाला बोलावून, कुठे पत्रा कापून नवा जोडावा लागेल ते प्रत्यक्ष दाखवून दुसरा भाग ठरतो. स्वतःच्या गाडीचा उघडा पत्रा पाहिलेला मालक पुढच्या खर्चावर फारशी घासाघीस करत नाही, आणि त्याच्याच सांगण्यावरून गोवा, कोल्हापूर आणि पुण्याकडच्या गाड्या आता आमच्याकडे येतात.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत आम्ही गिअरबॉक्स, वायरिंग, पत्र्याचे जोडकाम आणि इपॉक्सीच्या आवरणाखाली असलेल्या गाड्यांचे घासकाम करतो. गाडी पूर्ण उघडी करण्याच्या कामांची नोंदणी गणपतीनंतर सुरू होते आणि पहिली गाडी दसऱ्यानंतर आर्द्रता उतरली की आत घेतली जाते.