ग्लोव्ह्ज घातलेत म्हणजे हात स्वच्छ आहेत असं नाही

मी आयसीयूत नर्स आहे. परवा नाईटला एका पेशंटची युरिन बॅग रिकामी करत होते, तेवढ्यात शेजारच्या बेडचा इन्फ्युजन पंप (शिरेतून औषध ठराविक वेगाने सोडणारं यंत्र) वाजायला लागला आणि मी तशीच वळले, तेच ग्लोव्ह्ज हातात, बोट बटणापर्यंत पोचलं होतं. तिथेच थांबले पण छातीत धस्स झालं. कारण ज्यांची बॅग रिकामी केली त्यांच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचा जंतू आलाय, कार्बापेनेमसारख्या जबरदस्त अँटिबायोटिकलासुद्धा दाद न देणारा, आणि शेजारच्या आजोबांना सेंट्रल लाईन आहे, म्हणजे थेट मोठ्या शिरेत घातलेली नळी. जंतू पंपावर, पंपावरून पुढच्या सिस्टरच्या हातावर, तिथून लाईनवर, बस एवढाच प्रवास.

ग्लोव्ह्जवर जंतू तसेच बसतात जसे कातडीवर, शिवाय ग्लोव्ह्ज काढताना मनगटाला लागतात, कधी ग्लोव्ह्जना बारीक भोकं पण असतात. म्हणून काढल्यावर सॅनिटायझर लागतंच, २० ते ३० सेकंद, आणि अंगठा नि बोटांची टोकं हमखास राहून जातात ती आठवणीने चोळायची. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच, त्याचे स्पोअर्स, म्हणजे टणक कवचातली बीजं, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मरत नाहीत. हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना गडबडीत आठवत नाही.

१८४७ मध्ये व्हिएन्नातल्या हॉस्पिटलात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, कारण ते शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायचे, आणि मरणाऱ्या बायकांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हतीच. आता आहेत पण या अशा पेशंटपुढे ती जवळजवळ नसल्यासारखीच, मग हातात पुन्हा तेच हात धुणं राहतं ना.

नातेवाईकांना एक कळकळीने सांगते, आत येताना आणि बाहेर जाताना हात स्वच्छ करा, कठड्याला पडद्याला हात लावून दुसऱ्या बेडकडे जाऊ नका, आणि आम्हाला बिनधास्त विचारा, सिस्टर हात स्वच्छ केले का. मला तरी राग येणार नाही.

त्या सकाळी राऊंडला मी विचारलं, शेजारच्या त्या आजोबांची लघवीची नळी अजून कशासाठी ठेवलीये, जंतूंना आत शिरायला आणखी एक वाट? डॉक्टरांनी चार्ट बघितला, म्हणाले काढा. ड्युटी संपायच्या आत काढली.